माया डेरेनचे सुरुवातीचे मूक लघुपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माया डेरेन या अमेरिकी दिग्दर्शिकेचे हे लघुपट नागपुरात घरी बघणाऱ्यांसाठी, दहा-वीस जणांना एकत्र दाखवणाऱ्यांसाठी आणि त्यातल्या युक्त्या मोबाइलवर करून पाहणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. दाखवणं आणि करून पाहणं हे दोन भाग स्वतंत्र वाचले तरी चालतील.

नेमके कोणते लघुपट?

चार. ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ (१९४३), ‘अ‍ॅट लँड’ (१९४४), ‘अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा’ (१९४५) आणि ‘रिच्युअल इन ट्रान्सफिगर्ड टाइम’ (१९४६). चारही कृष्णधवल, चारही १६ मिलिमीटर फिल्मवर केलेले. डेरेनचा जन्म १९१७चा, कीव्हमधला. लहानपणीच ती घरच्यांबरोबर अमेरिकेत आली आणि १९६१मध्ये न्यूयॉर्कला वारली. वडिलांच्या पश्चात मिळालेल्या पैशातून तिने एक सेकंडहँड बोलेक्स कॅमेरा घेतला. पहिला लघुपट तिने आणि तिचा नवरा अलेक्झांडर हमीद यांनी लॉस एंजेलिसच्या राहत्या घरात केला. हमीद हा चेकोस्लोव्हाकियातून आलेला मुरलेला छायाचित्रकार होता. त्यामुळे ‘मेशेस’ हा दोघांचा लघुपट आहे, हे विसरू नये.

१९४८च्या ‘मेडिटेशन ऑन व्हायोलन्स’मध्ये बासरी आणि हैतीचे ढोल आहेत, म्हणून तो या पानावर नाही. १९४३चा ‘विचेस क्रेडल’ मूक आहे, पण तो अपुरा राहिला. आधी हे चार बघा, मग तिकडे वळा.

तेव्हा आवाजाची सोय नव्हती म्हणून हे मूक आहेत का?

नाही. १९४३पर्यंत बोलपट येऊन दीड दशक उलटलं होतं. आपल्याकडेही ‘आलम आरा’ १९३१चा आणि ‘अयोध्येचा राजा’ १९३२चा. १६ मिलिमीटरवर आवाज जोडणं खर्चिक होतं हे खरं, पण हे लघुपट बघताना कुठेही आवाज हरवल्यासारखा वाटत नाही. पावलाची लय, मान वळण्याची लय, कट पडण्याची लय यांवरच सगळी रचना उभी आहे.

दादासाहेब फाळक्यांच्या काळचे मूकपट आणि हे मूक लघुपट यांत इथेच फरक पडतो. त्या मूकपटांना थिएटरात पडद्याशेजारी पेटी-तबला असे आणि मधूनमधून पाट्या येत. डेरेनकडे पाट्याही नाहीत. जे सांगायचं ते एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना सांगितलं जातं.

मग ‘मेशेस’ला संगीत ऐकू येतं ते कुठून आलं?

ते तेईजी इतो या संगीतकाराने रचलं आणि १९५९मध्ये जोडलं गेलं. डेरेन तेव्हा हयात होती आणि ते तिच्याच संमतीने झालं. म्हणून ‘मेशेस’च्या दोन्ही प्रती खऱ्या: १९४३ची मूक आणि १९५९नंतरची संगीतासह. आमचा आग्रह असा की पहिल्यांदा आवाज बंद करून बघा आणि काही दिवसांनी संगीतासह. उलट क्रमाने बघितलं तर संगीत डोक्यात राहतं आणि चित्रांची स्वतःची लय पकडता येत नाही.

‘अ‍ॅट लँड’, ‘अ स्टडी’ आणि ‘रिच्युअल’ यांना मात्र संगीत नाही. इंटरनेटवर त्यांच्या मागे पियानो, सिंथेसायझर किंवा सतार ऐकू आली तर ती कोणीतरी नंतर चिकटवलेली आहे. आवाज बंद करा.

आमच्यात एकजण उत्तम तबला वाजवतो. शोच्या वेळी साथ केली तर?

‘अ स्टडी’ला करू नका. तीन मिनिटांच्या त्या लघुपटात नर्तक टॅली बीटी एक पाय उचलतो जंगलात आणि ठेवतो घरातल्या खोलीत. त्या दोन चित्रांमधला अदृश्य ठेका प्रेक्षकाने स्वतः मोजायचा असतो. तबल्याची थाप पडली की तो मोजायचं थांबतो, कारण मोजणारा दुसराच कोणी आलेला असतो. साथीची हौस दांडगी असेल तर शो संपल्यावर तबलजीलाच विचारा की कट कुठल्या मात्रेवर पडतात. तालाची जाण असलेल्या माणसाला ते इतरांपेक्षा आधी दिसतं आणि चर्चा तिथून फार चांगली सुरू होते.

कोणत्या क्रमाने बघावेत?

नवख्याने ‘अ स्टडी’पासून सुरुवात करावी. तो सर्वांत छोटा आहे आणि त्यात गोष्ट शोधत बसायचा मोह होत नाही. मग ‘मेशेस’ (साधारण १४ मिनिटं), मग ‘अ‍ॅट लँड’ (साधारण १५). ‘रिच्युअल’ शेवटी, शक्यतो दुसऱ्या दिवशी. १९४६च्या १८ फेब्रुवारीला डेरेनने न्यूयॉर्कचं प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाऊस भाड्याने घेऊन पहिले तीन लघुपट एकत्र दाखवले होते. तोच कार्यक्रम आजही एका संध्याकाळीसाठी पुरेसा आहे.

गोष्टच कळत नाही. किल्ली, सुरी, आरशाचा चेहरा यांचा अर्थ काय?

अर्थाची यादी करायला बसलात की लघुपट हातातून निसटतो. त्याऐवजी एकच वस्तू धरा आणि ती प्रत्येक वेळी कुठे आहे, कोणाच्या हातात आहे, एवढंच बघा. ‘मेशेस’मध्ये सुरी आधी पावात रोवलेली दिसते आणि टेबलावर पडते. पुढे ती जिन्यात दिसते, मग अंथरुणात. किल्ली तोंडातून निघते आणि तळहातावर सुरी होते. दुसऱ्यांदा बघताना फक्त किल्लीच्या मागे जा. तिसऱ्यांदा टेलिफोनच्या.

‘अ‍ॅट लँड’मध्ये एक जागा अशी आहे की ती कितीही वेळा बघावी. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली बाई वाळलेल्या ओंडक्याला धरून वर चढते. हात वर जातो, डोकं वर येतं, आणि ते डोकं निघतं एका लांबलचक जेवणाच्या टेबलाच्या कडेशी. दोन्ही बाजूंना माणसं गप्पा मारताहेत, सिगारेटी ओढताहेत. ती टेबलावर पोटावर सरपटत पुढे जाते आणि कोणी वळूनही बघत नाही. मधल्या शॉटमध्ये ती झाडोऱ्यातून सरपटते, पुढच्यात पुन्हा टेबलावरून. शरीराची गती एकच, जागा दोन. टेबलाच्या टोकाला बुद्धिबळाचा पट आहे. हे जुळतं कशामुळे ते तपासा: कोपर किती वाकलंय, नजर कुठे आहे, सरपटण्याचा वेग किती आहे. तिन्ही गोष्टी दोन्ही जागी सारख्या आहेत. चेहऱ्यावरचे भाव जुळवायचा प्रयत्नही केलेला नाही, कारण त्याची गरज पडत नाही.

एकाच लघुपटाची लांबी वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी का दिलेली असते?

बहुतेकदा वेगामुळे. १६ मिलिमीटरच्या एका फुटात ४० फ्रेम असतात. सेकंदाला २४ फ्रेमने चालवली तर मिनिटाला ३६ फूट फिल्म जाते, १८ने चालवली तर २७ फूट आणि १६ने २४ फूट. म्हणजे १६च्या वेगाने ४ मिनिटं चालणारी फिल्म २४ने २ मिनिटं ४० सेकंदांत संपते. ‘अ स्टडी’ची लांबी अडीचपासून चार मिनिटांपर्यंत काहीही छापलेली सापडते, तेव्हा हे गणित आठवा.

प्रिंट हातात आली तर आधी डब्यावरचे फूट वाचा आणि ज्यांनी दिली त्यांनी सांगितलेला वेग लिहून ठेवा. वेग चुकला तर मूक लघुपटात कळायला आवाजाचा आधार नसतो. बोलपटात आवाज घोगरा झाला की लगेच लक्षात येतं, इथे फक्त चाल जड किंवा उतावळी वाटते आणि प्रेक्षक त्याला दिग्दर्शिकेची शैली समजतो. १५ मिनिटांचा लघुपट २४ऐवजी १८ने लावलात तर तो २० मिनिटांचा होतो.

इंटरनेटवरची प्रत बरी आहे का, हे कसं ओळखायचं?

चौकट बघा. चित्र ४:३च्या जवळपास हवं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या हव्यात. पूर्ण रुंद पडदा भरला असेल तर एक तर वरखाली कापलंय किंवा आडवं ताणलंय. ‘मेशेस’मध्ये पायांच्या शॉटला पाऊल फ्रेमच्या खालच्या कडेने छाटलेलं दिसलं तर कापलेली प्रत समजा. चित्रावर निळसर किंवा तपकिरी छटा असेल तर तीही नंतरची. सावल्या निव्वळ काळ्या डागासारख्या आणि भिंती पांढऱ्याफटक दिसत असतील तर ती प्रतीची प्रत आहे. तशी प्रत अभ्यासाला चालते, लोकांना दाखवायला नको.

टीव्हीवर लावल्यावर हालचाल विचित्र, गुळगुळीत दिसते.

टीव्हीतली मोशन स्मूदिंगची सोय बंद करा. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, पण ती सापडते पिक्चर सेटिंगमध्येच. ती दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःची फ्रेम बनवून घालते. साध्या मालिकेत ते खपून जातं. इथे कटच्या जागी दोन जागांचं मिश्रण होऊन एक धुरकट फ्रेम तयार होते आणि पाऊल वाळूवरून गवतावर पडण्याऐवजी विरघळतं. त्याबरोबर आपोआप उजेड कमी-जास्त करणारी सोयही बंद करा. अंधाऱ्या शॉटनंतर उजेडाचा शॉट आला की ती पडदा हळूहळू उजळवते आणि कटचा धक्काच जातो.

नागपुरात दाखवायचं तर जागा आणि वेळ कशी निवडावी?

मोठं सभागृह नको. वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या जागेत तीस माणसं विखरून बसली की प्रत्येकाची खुर्चीची करकर वेगळी ऐकू येते. शाळेचा वर्ग, ग्रंथालयाची खोली, एखाद्या वाड्याची माडी उत्तम. सहा-सात फूट रुंद चित्राला ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो, मात्र खोली पूर्ण अंधारी हवी. खिडक्यांना काळा कपडा दुहेरी लावा. दारावरच्या फटीतून येणारी उजेडाची रेघ ‘मेशेस’च्या सावल्या खाऊन टाकते. छताचा पंखा प्रोजेक्टर आणि पडद्याच्या मध्ये येत नाही ना, ते झोताच्या उंचीवर डोळा ठेवून तपासा. पातं झोतात आलं तर पूर्ण लघुपटभर चित्र लुकलुकत राहतं.

आता कूलर. मार्चच्या अखेरीपासून जूनपर्यंत कूलरशिवाय माणसं बसणार नाहीत, आणि मूक लघुपटाचा सर्वांत मोठा शत्रू कूलरच आहे. त्याचा घोंगावणारा आवाज एकसारखा असल्याने तो ऐकू येईनासा होतो असं म्हणतात. प्रत्यक्षात तो खोलीतली शांतताच झाकून टाकतो. प्रेक्षकांचा श्वास अडकला, कोणी खुर्चीत सरकलं, हे कळत नाही. उपाय असा: शोच्या तास-दीड तास आधी कूलर पूर्ण वेगात चालवून खोली गार करा, खिडकी उघडी ठेवा म्हणजे दमटपणा बाहेर जाईल. लघुपट सुरू होताना कूलर बंद, संपल्यावर चालू. सर्वांत लांब लघुपट पंधरा मिनिटांचा आहे, तेवढं माणसं सहज सोसतात. दोन लघुपटांच्या मध्ये दहा मिनिटं कूलर पुन्हा चालवा. एसी असला तरी हेच करा. डिजिटल प्रोजेक्टर इको मोडवर टाका, पंख्याचा आवाज बराच कमी होतो.

खरं सांगायचं तर हा कार्यक्रम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवावा. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली तर मुळीच नको.

सुरुवातीला लोकांना काय सांगावं?

तीन गोष्टी: लघुपटाला आवाज नाही आणि तो बिघाड नाही, तो किती मिनिटांचा आहे, आणि मोबाइल पालथा नव्हे तर बंद करून ठेवा. पालथ्या मोबाइलची थरथर बाकावर मोठ्याने वाजते. विषय सांगू नका, समीक्षा वाचून दाखवू नका. ही सूचना दिली नाही तर पहिल्या मिनिटात कोणीतरी मागून ‘आवाज येत नाहीये’ म्हणून ओरडतंच.

लहान मुलांना दाखवता येईल का?

‘अ स्टडी’ कोणालाही दाखवा, मुलं तो लगेच पुन्हा मागतात. ‘मेशेस’मध्ये सुरी आणि मृत्यू आहे, तो आठवी-नववीच्या पुढे.

१६ मिलिमीटरची प्रिंट आणि प्रोजेक्टर मिळाला तर काय सांभाळायचं?

पहिली गोष्ट दात्यांची. जुन्या मूक प्रोजेक्टरच्या चाकांना दोन्ही बाजूंना दाते असतात. बऱ्याच प्रिंटना भोकं एकाच बाजूला असतात. अशी प्रिंट दुहेरी दात्यांच्या यंत्रात घातली तर दुसऱ्या बाजूचे दाते फिल्ममध्ये नवी भोकं पाडत जातात आणि प्रिंट कायमची जाते. बोलपटाच्या प्रोजेक्टरला दाते एकाच बाजूला असतात, त्यात दोन्ही प्रकार चालतात. म्हणून फिल्म लावण्याआधी यंत्र हाताने फिरवून दाते बघा.

बोलपटाच्या यंत्रावर मूक प्रिंट लावताना आवाजाचं बटण पूर्ण शून्यावर आणा, शक्य असेल तर एक्सायटर दिवा (फिल्मवरची आवाजाची पट्टी वाचणारा) बंद करा. आवाजाच्या पट्टीच्या जागी काहीच नसलं किंवा भोकं असली तर स्पीकरमधून खरखर किंवा भुर्र असा आवाज येतो. यंत्राची स्वतःची टकटक वेगळीच. तिच्यावर उपाय म्हणजे यंत्र शेजारच्या खोलीत ठेवून काचेच्या तावदानातून झोत टाकणं. काच स्वच्छ आणि झोताला काटकोनात हवी, नाहीतर चित्राची दुसरी फिकट प्रत शेजारी दिसते.

गेटच्या (दिव्यासमोर फिल्म सरकते त्या चौकटीच्या) वर आणि खाली फिल्मची सैल कमान असते, तिला लूप म्हणतात. चित्र एकदम वरखाली थरथरायला लागलं तर खालची लूप गेलेली असते. बऱ्याच यंत्रांना ती परत घालायची खटकी असते, ती दाबा. खटकी नसेल तर यंत्र थांबवून पुन्हा ओवा. दिवा चालू ठेवून एका फ्रेमवर थांबू नका, फिल्म वितळते. प्रत्येक रिळाआधी गेट मऊ ब्रशने झाडा. नागपूरच्या उन्हाळ्यात धूळ इतकी असते की एका रिळात गेटच्या कडेला केसाएवढी जाड दाढी साचते आणि ती पडद्यावर हातभर दिसते.

वीज गेली तर? दिव्याच्या डिजिटल प्रोजेक्टरला यूपीएस लावाच, नाहीतर थंड करणारा पंखा एकदम थांबून दिवा खराब होतो.

प्रिंट काही महिने ठेवायची असेल तर?

जुनी प्रिंट अ‍ॅसिटेटची असते आणि उष्णता अधिक ओल म्हणजे तिचा नाश. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर क्षय सुरू झाला आहे. तो थांबवता येत नाही, मंदावता येतो. असा डबा इतर डब्यांपासून लगेच वेगळा करा, कारण त्याच्या वाफेने शेजारचे डबेही बिघडतात. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना गच्चीखालच्या खोलीत किंवा लोखंडी कपाटात ठेवू नका. कूलरच्या वाऱ्यात तर कधीच नको, ती ओली हवा असते. घरातली सर्वांत आतली, तळमजल्यावरची कोरडी खोली निवडा आणि डबे आडवे ठेवा. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्के हवी. पावसाळ्यात नागपुरात ती सहज ८०च्या वर जाते, तेव्हा सिलिका जेल ठेवून ते निळ्याचं गुलाबी झालं की बदला. फ्रीजमध्ये ठेवायची वेळ आली तर दुहेरी हवाबंद पिशवीत, आणि काढल्यावर चोवीस तास पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लगेच उघडलीत तर दव धरतं.

परवानगी लागते का?

कॉलेजच्या वर्गात फक्त विद्यार्थी, पालक आणि शिक्षक असतील तर भारतीय कॉपीराइट कायद्यात शैक्षणिक संस्थेसाठी सूट आहे. तिकीट लावून किंवा सर्वांसाठी खुला शो करायचा असेल तर हक्कधारक किंवा वितरकाची लेखी परवानगी घ्या, शिवाय जाहीर प्रदर्शनाला सेन्सॉर प्रमाणपत्राचा नियम लागू होतो. डीव्हीडी विकत घेतली म्हणजे जाहीर प्रदर्शनाचा हक्क मिळत नाही.

असं काही स्वतः करून बघायला बोलेक्स लागेल का?

मोबाइल पुरतो. मात्र बोलेक्सची बंधनं स्वतःवर घालून घ्या, कारण या लघुपटांची शिस्त त्या बंधनांतून आली आहे. बोलेक्समध्ये १०० फुटांचं रीळ बसतं, म्हणजे २४च्या वेगाने २ मिनिटं ४७ सेकंद. चावी एकदा पूर्ण भरली की यंत्र साधारण २८ सेकंद चालतं. तेव्हा नियम करा: कुठलाही शॉट २५ सेकंदांच्या वर नाही, आणि दिवसभरात एकूण तीन मिनिटांच्या वर चित्रीकरण नाही. पहिल्याच दिवशी लक्षात येतं की कॅमेरा सुरू करण्याआधी विचार करायला लागतो.

मोबाइलची सेटिंग: २५ फ्रेम, शटर १/५०, फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक. लॉक विसरलात तर पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, आकाश आलं की चित्र काळवंडतं आणि कट कधीच जुळत नाहीत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. म्हणून ट्यूबलाइटखाली १२० किंवा २४० फ्रेमचा स्लो मोशन घेतला की पट्टे येतात. स्लो मोशन दिवसाउजेडीच करा. मे महिन्यात दुपारी मोबाइल तापून बंद पडतो, सकाळी नऊच्या आत आटपा.

चार जमिनींवरची चाल कशी करायची?

‘मेशेस’मध्ये सुरी हातात घेऊन निघालेल्या बाईचं एक पाऊल वाळूवर, पुढचं गवतात, पुढचं फरशीवर आणि मग गालिच्यावर पडतं. चार पावलांत ती समुद्रापासून खोलीत येते. सुरुवात याच सरावाने करा.

जागा: कन्हानच्या पात्रातली वाळू (पावसाळा सोडून), सेमिनरी हिल्सवरचं वाळलेलं गवत, महालातली एखादी फरसबंद बोळ, घरातली सतरंजी. कॅमेरा घोट्याच्या उंचीवर, जमिनीपासून चार-पाच इंच. प्रत्येक जागी अंतर तेवढंच हवं, म्हणून सुतळीचा एक मोजलेला तुकडा जवळ ठेवा आणि मोबाइलपासून पावलापर्यंत ताणून बघा. चालणारी व्यक्ती सगळीकडे डावीकडून उजवीकडेच जाईल. चप्पल तीच, साडीचा काठ किंवा सलवारची लांबी तीच. प्रत्येक जागी निदान पाच पावलं चालवा आणि मधली तीन वापरा, कारण पहिल्या आणि शेवटच्या पावलात वेग वेगळा असतो.

सगळ्यांत जास्त चुकतं ते उन्हात. कन्हानला सकाळी आठला सावली लांब पडते, महालात बाराला ती पायाखाली जाते, आणि मग चारी पावलं चार वेगळ्या दिवसांची वाटतात. एक तर चार सकाळी त्याच वेळी चित्रीकरण करा, नाहीतर ढगाळ दिवस निवडा. सतरंजीचा शॉट खिडकीजवळ, ऊन त्याच बाजूने येईल असा घ्या.

कट कुठे मारायचा? पाऊल उचलून सर्वांत वर असतं तिथे. पुढचा शॉट पाऊल तिथून किंचित खाली आलेलं असताना सुरू करा, एक-दोन फ्रेम गाळून. पाऊल टेकल्यावर कट मारलात तर प्रत्येक जमिनीवर एक थांबा येतो आणि चाल तुटते. वर मारलात तर पाऊल उचलतं एका जागी आणि टेकतं दुसऱ्या, जी खरी गंमत आहे.

‘अ स्टडी’मधली नर्तकाची लांबलेली उडी कशी करायची?

माणूस उडी मारून हवेत साधारण अर्धा सेकंद असतो. २४ने चित्रित केलं तर १२ फ्रेम. बोलेक्सचा सर्वांत जास्त वेग ६४, त्यात ३२ फ्रेम मिळतात, म्हणजे पडद्यावर सव्वा सेकंदाच्या आसपास. मोबाइलच्या २४०ने १२० फ्रेम, म्हणजे पाच सेकंद. तरीसुद्धा एकच लांब स्लो मोशन लावू नका, तो क्रिकेटच्या रिप्लेसारखा दिसतो. उडी अनेक तुकड्यांतून बांधायची असते.

आधी वर जाणारे तुकडे: उडणाऱ्याने जमिनीवरून झेप घ्यायची, पण जमीन सोडतानाचा भाग संकलनात काढून टाका, पहिला शॉट वगळता. मग तरंगण्याचे: दोन-अडीच फुटांच्या चौथऱ्यावरून आडवी उडी, खाली जुन्या गाद्या, कॅमेरा जमिनीवर आणि फ्रेममध्ये फक्त आकाश. झाडाचा शेंडा किंवा वीजेची तार दिसली की उंचीचा अंदाज येतो आणि सगळं फसतं. या तुकड्यांतला खाली येण्याचा भाग निष्ठुरपणे कापा. शेवटी एकच उतरणं, आणि ते वेगळ्या जागी. फुटाळ्याच्या काठावर उतरवलंत तर मागचं मोकळं पाणी छान पोकळी देतं. दर तुकड्यात शरीराचा वेगळा भाग घ्या: एकदा फक्त पाय, एकदा धड, एकदा पूर्ण आकृती. सारखीच चौकट लागोपाठ आली तर ती एकच उडी दोनदा दाखवल्यासारखी होते.

‘अ स्टडी’च्या सुरुवातीला जंगलात कॅमेरा गोल फिरतो आणि नर्तक पुन्हा पुन्हा दिसतो. ते कसं?

पॅन थांबवायचा, कॅमेरा बंद, नर्तक धावत पुढच्या जागी जातो, कॅमेरा तिथूनच पुढे सुरू. ट्रायपॉड जागचा हलता कामा नये आणि हालचाल दर वेळी त्याच वेगाने सुरू व्हायला हवी. मोबाइलवर हे हाताने जुळत नाही, म्हणून झाडाचा जाड बुंधा फ्रेम भरून जाईल अशी जागा निवडा आणि कट बुंध्यात लपवा. सेमिनरी हिल्स किंवा तेलंगखेडीच्या बाजूला अशी झाडं मिळतात. वनखात्याच्या हद्दीत ट्रायपॉड उघडण्याआधी विचारा. पॅनचा वेग असा ठेवा की एखादं झाड फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सात सेकंद लागतील. त्याहून जलद केलंत तर बुंधे तुटक उड्या मारत जातात. ढग सरकत असतील तर थांबा, दोन तुकड्यांतला उजेड वेगळा झाला की कट उघडा पडतो.

आणि गिरकी हळू सुरू होऊन जलद होत जाते ती?

तिथे नर्तकाने गिरकी बदललेली नाही, कॅमेऱ्याचा वेग चालू शॉटमध्ये जास्तीवरून कमी केलेला आहे. फिल्मवर हे करताना उजेडाची अडचण येते: ६४वरून ८वर आलात की प्रत्येक फ्रेमला आठपट उजेड मिळतो, म्हणजे तीन स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट). वेगाच्या बटणाबरोबर दुसऱ्या हाताने अ‍ॅपर्चर तीन स्टॉप बंद करत आणावं लागतं, नाहीतर शॉटचा शेवट पांढरा होतो. मोबाइलवर १२०ने सरळ चित्रित करा आणि संकलनात वेगाचा आलेख चढता ठेवा. कॅमेरा पूर्ण स्थिर हवा, मागची भिंत साधी. मागे हलणारी पानं किंवा रहदारी असेल तर तीही जलद होते आणि युक्ती उघडी पडते. डेरेनने गिरकीची दृश्यं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या इजिप्शियन दालनात घेतली, जिथे मागे काहीच हलत नव्हतं. इथे अजब बंगल्यात मूर्तींसमोर असं काही करायचं मनात आलं तर आधी लेखी अर्ज द्या.

‘अ‍ॅट लँड’मधल्या मागे जाणाऱ्या लाटा मोबाइलवर करायला एक बटण पुरतं. फिल्मवर कशा करत?

एक जुना मार्ग असा: कॅमेरा उलटा धरून, म्हणजे वरची बाजू खाली करून, चित्रित करायचं आणि धुतल्यावर तो तुकडा टोकाकडून फिरवून जोडायचा. चित्र सरळ होतं, काळ उलटा. त्यासाठी दोन्ही बाजूंना भोकं असलेली फिल्म लागते, एका बाजूची असली तर भोकं चुकीच्या कडेला जातात. मोबाइलवर बटण दाबा, पण चित्रित करताना माणसाची हालचाल सावकाश ठेवा. उलट्या काळात झटकन केलेली हालचाल कठपुतळीसारखी दिसते.

संकलन करताना सर्वांत मोठी चूक कुठली होते?

मागे गाणं लावून कट मारणं. ‘नंतर काढून टाकू’ म्हणून लावलेलं गाणं काढलं की कट निराधार होतात, कारण ते गाण्याच्या तालावर पडलेले असतात. टाइमलाइनवरचा आवाजाचा ट्रॅक सुरुवातीलाच पुसून टाका. मोबाइलने टिपलेला वारा आणि बोलणंही नको. कट दोन फ्रेम अलीकडे, दोन फ्रेम पलीकडे सरकवून तीन आवृत्त्या काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. २५च्या वेगात दोन फ्रेम म्हणजे ८ शतांश सेकंद. एवढ्याशा फरकाने पाऊल अडखळतं किंवा वाहतं.

आमच्याकडे नर्तक कोणीच नाही.

‘मेशेस’ आणि ‘अ‍ॅट लँड’मध्ये डेरेन स्वतःच आहे आणि ती तिथे नाचत नाही. ती चालते, चढते, वाकते, हात पुढे करते. ‘रिच्युअल’मध्ये तर पार्टीतल्या लोकांचं एकमेकांना भेटणं, हात मिळवणं, मान वळवणं हेच पुन्हा पुन्हा जोडून नृत्य केलं आहे. तुमच्या गटात रोज एकच काम सराईतपणे करणारा कोणीतरी असेलच: पोळ्या लाटणारी मावशी, बर्डीवर कापड मोजून फाडणारा दुकानदार, संत्र्याच्या पेट्या रचणारा हमाल. त्यांची हालचाल पक्की असते, दहा वेळा करून दाखवली तरी तीच राहते, आणि कट जुळायला तेच लागतं. त्यांना फक्त एवढंच सांगा की कॅमेऱ्याकडे बघू नका आणि दर वेळी नेहमीच्याच वेगाने करा.